पाच वर्षांच्या मुलीला घरी तेर्स (रोझरी, म्हणजे कॅथलिकांची जपमाळेची प्रार्थना) आणि रोजच्या प्रार्थना कशा शिकवाव्यात?

आधी भाषा ठरवा. आजी कोकणीत 'नमान मारिये' (मारियेची प्रार्थना, 'हेल मेरी') म्हणते आणि शाळेत तीच प्रार्थना इंग्रजीत, अशाने मूल दोन्हीकडे अडखळतं. चर्चमध्ये दोतोर्नीच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात जो पाठ चालतो तोच घरी घ्या, शब्दन् शब्द.

खुरसाची खूण आधी. समोर बसून दाखवलीत तर मूल आरशासारखं डावा हात उचलतं. म्हणून शेजारी बसा, तिचा उजवा हात धरून कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा.

'नमान मारिये'चे दोन भाग आहेत. पहिला पुढाकार घेणारा म्हणतो, 'भागेवंत मारिये'पासूनचा बाकीचे. मुलीला हा दुसरा भाग आधी शिकवा. एका दशकात, म्हणजे तेर्साच्या दहा मण्यांच्या गटात, तो १० वेळा येतो, त्यामुळे वेगळी घोकंपट्टी लागत नाही. तो बसला की पहिला भाग, मग 'आमच्या बापा' ('अवर फादर'). 'सत्मानता' (श्रद्धेची कबुली, 'क्रीड') सगळ्यात शेवटी, ती लांब आहे.

पूर्ण तेर्साला बसवूच नका. पाच दशकांना १५-२० मिनिटं लागतात. तिच्यासाठी एक दशक पुरे, मणी मोजायचं काम तिच्याकडे. मोठी माणसं घाईत शब्द गिळतात आणि मुलं नेमकं तेच उचलतात, तेव्हा वेग तुम्हीच कमी करा.

रहस्यं (दशक म्हणताना मनात आणायचे येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग) सात-आठ वर्षांनंतर, चित्रं दाखवून: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार वैभवाची, गुरुवार प्रकाशाची.

तेर्स संपल्यावर मोठ्यांकडून बेसांव (आशीर्वाद) मात्र आजपासूनच मागू दे.