‘स्त्री’ पुसताना अक्षर का फुटतं?

प्रश्न : मी सी भाषेत छोटा टेक्स्ट एडिटर लिहितोय. इंग्रजी व्यवस्थित चालतं, पण ‘स्त्री’ लिहून बॅकस्पेस दाबला की प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. शिवाय मजकूर कमी करून सेव्ह केला तरी फाइलच्या शेवटी जुन्या ओळी उरतात. काय चुकतंय?
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : तुमचा बॅकस्पेस एकच बाइट उडवतोय. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘स्त्री’त स, हलन्त, त, हलन्त, र आणि दुसरी वेलांटी अशी ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. शेवटचा एक गेला की त्याच्या आधीचे दोन निरर्थक होतात. म्हणून मागे सरकताना ज्या बाइटचे वरचे दोन बिट १ आणि ० आहेत (म्हणजे चिन्हाचा पहिला सोडून बाकीचे बाइट) ते ओलांडत जा. तसा नसलेला पहिला बाइट सापडला की तिथपासून पुसा. एका दाबात फक्त वेलांटी जावी, अख्खं जोडाक्षर नको. मराठी टाइप करणाऱ्याला तेच सोयीचं पडतं. कर्सरने मात्र पूर्ण जोडाक्षर ओलांडावं. त्यासाठी लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) घेणार असाल तर ती युनिकोड या लिप्यांच्या संगणकीय प्रमाणाचे १५.१ (२०२३) किंवा त्यापुढचे नियम पाळते ना, हे आधी बघा. जुने नियम ‘स्त्री’चे तीन तुकडे करतात.

सेव्हचं दुखणं सोपं आहे. फाइल ‘आर+’ (वाचणं-लिहिणं दोन्ही) मोडमध्ये उघडली असणार. त्यात जुना मजकूर कापला जात नाही. ‘डब्ल्यू’ मोडने भागेल, तो उघडतानाच फाइल रिकामी करतो; पण लिहिताना मध्येच वीज गेली तर जुनंही गेलं आणि नवंही. त्यापेक्षा त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, एफफ्लश करा (प्रोग्रामकडचा मजकूर सिस्टिमकडे जातो), मग एफसिंक (तो डिस्कवर उतरतो), आणि शेवटी रिनेम करून तिला जुन्या फाइलचं नाव द्या.