तरुणांच्या बोलण्यातील ‘विषय हार्ड’सारख्या शब्दांमुळे मराठी बिघडत आहे का?

माझ्या मते नाही. ‘लोड घेऊ नकोस’, ‘डोक्याला शॉट देऊ नकोस’ या वाक्यांत एखादे नाम इंग्रजीतून आले असले, तरी क्रियापद, विभक्ती आणि वाक्याची ठेवण पूर्णपणे मराठीच आहे. उसना शब्द आपल्या व्याकरणात बसवून घेणाऱ्या भाषेला दुबळी म्हणता येत नाही. शिवाय ‘परीक्षेत पोपट झाला’ असे मित्राला सांगणारा मुलगा घरी वडिलांना ‘पेपर अवघड गेला’ असेच सांगतो, म्हणजे कोणाशी काय बोलावे याचे भान त्याला असते. कोल्हापूरकडचे ‘नाद खुळा’ आज पुण्यामुंबईतही सर्रास ऐकू येते, आणि प्रमाणभाषेपुढे संकोचणाऱ्या बोलीला असा मान मिळतो याचा मला मनापासून आनंद वाटतो.

माझा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे. एखाद्याच्या जातीवरून, रंगावरून किंवा शरीरावरून पाडलेले शब्द गंमत म्हणून चालवून घेऊ नयेत. तसेच राग, खंत, अपमान, निराशा या सगळ्यांसाठी ‘वाट लागली’ एवढेच तोंडी येत असेल, तर त्या मुलाला सारखे टोकण्यापेक्षा त्याच्या हाती चांगली पुस्तके द्यावीत आणि घरात त्याच्याशी भरपूर बोलावे.