भाच्याला दुबईला पाठवू का?

प्रश्न : ताई, माझा भाचा सव्वीस वर्षांचा, आठवी पास. गाव साकोली तालुक्यात, घरची दोन एकर धानाची शेती. सध्या पारडीला माझ्याकडे राहून सेंट्रिंगच्या कामावर जातो. ओळखीतला एक एजंट दुबईत इलेक्ट्रिशियनची नोकरी लावून देतो म्हणतो. दीड लाख मागितले आहेत. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देतो,' असं त्याचं म्हणणं. बहीण बांधी, म्हणजे धानाचं शेत, गहाण ठेवायला निघाली आहे. जाऊ द्यावं का?
– एक मामा, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी बहिणीला फोन करा आणि बांधी गहाण टाकू नको म्हणून सांगा. पुढचं मग वाचा.

परदेशी निधीवर चालणाऱ्या एका संस्थेत मी सोळा वर्षं काम केलं. मिरची तोडायला तेलंगणात जाणारी आपल्या भंडारा-गोंदियाची कुटुंबं पाहिली, आखातातून परतलेली पोरंही पाहिली. दोघंही अडकतात ते उचलीत. मुकादमाची उचल फिटेपर्यंत मिरचीवाल्याला हलता येत नाही, सावकाराचं फिटेपर्यंत दुबईवाल्याला. मालक देईल त्या पगारावर तो राबतो, कारण रिकाम्या हातानं परतला तर शेत जातं.

लाखांदूरकडच्या एका घरात माउलीनं तांदळाच्या कोठीतून प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत मुलाच्या दोन करारांच्या झेरॉक्स होत्या. इथं सही केलेल्या कागदावर इलेक्ट्रिशियन, पंधराशे दिरहम. तिथं पोचल्यावर पुढे केलेल्या कागदावर हेल्पर, नऊशे. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतलेला आणि गावात शेकडा पाच रुपये महिन्याचं व्याज सुरू, मग सही न करून पोरगा करतो काय? दुसऱ्या कागदावरची सही वाकडी होती. तिच्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, "हात थरथरला असन त्याचा." त्या घरातून मी उठले तेव्हा माझ्याजवळ बोलायला शब्द नव्हता.

आता तुमच्या भाच्याचं. दहावी नसल्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे 'परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी आवश्यक' असा शेरा येणार. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे अशा माणसाला यूएईसारख्या (दुबई तिथलीच) ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचं तर सरकारची मंजुरी लागते, आणि ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मिळते. व्हिजिट व्हिसा ही मंजुरी चुकवायची पळवाट आहे. त्या वाटेनं गेलेल्याचा करार सरकारदरबारी नोंदलेला नसतो. मंजुरी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय बीमा योजना काढावीच लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. व्हिजिटवाल्याला तेही नाही.

आणि पैसे! नोंदणी असलेल्या एजंटलाही सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. तुमच्याकडे त्याच्या पाचपट मागितले आहेत. मला विचाराल तर तीस हजारही गरिबाकडून घेऊ नयेत. भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारू नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०१६ ची तत्त्वं सांगतात, आणि ते मला शंभर टक्के पटतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या नजरेतून सुटली. पोरगा सेंट्रिंगवाला, मग त्याला इलेक्ट्रिशियन म्हणून कोण घेणार? दुसरा कागद हेल्परचाच निघेल, मला भीती वाटते ती त्याची.

त्याला जायचंच असेल तर अडवू नका, कमावायची इच्छा काही गुन्हा नाही. फक्त नोकरीच्या व्हिसावर, करार इथंच वाचून, कर्ज न काढता जाऊ द्या. पासपोर्ट आणि कराराचे फोटो तुमच्या मोबाइलवर असू द्या. तिथं फसवणूक झालीच तर दुबईतलं प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्र आहे, आणि इथून तुम्हालाही परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते. तोवर इथल्या बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी करून टाका. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराकडून मागून घ्या.

आज रात्रीच एजंटला लायसन्स नंबर विचारा. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेटवर कुणालाही पाहता येते. नंबर दिला तर मला कळवा, आपण दोघं मिळून तपासू. 'नंबर कशाला, भरवसा ठेवा' म्हणाला, तर भाच्याला सकाळी सेंट्रिंगवर जाऊ द्या.