आधी पैसे अडव, मेल नंतर बघ
पार्टीच्या नावाने ‘बँक खातं बदललंय’ असा मेल आला आणि अकाउंट्सवाल्याने पैसे पाठवले, अशी केस आली की मेलचे हेडर (मेल कुठून, कसा आला याची नोंद) उघडत बसू नकोस. यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक) घे, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, बँकेला लेखी कळव. पैसे परदेशी गेले असतील तर बँकेला स्विफ्ट रिकॉल (समोरच्या बँकेकडे पैसे परत मागणारा संदेश) टाकायला लाव. एकदा एटीएममधून रोकड निघाली की संपलंच.

मेल फॉरवर्ड करून मागू नकोस, मूळ हेडर हरवतात. ईएमएल फाइल (हेडरसकट जपलेला मूळ मेल) घे. ‘रिप्लाय-टू’ (उत्तर ज्या पत्त्यावर जातं तो) अक्षर न् अक्षर वाच: ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवलेलं डोमेन घाईत कुणाच्याच लक्षात येत नाही. मेलबॉक्समधले फॉरवर्डिंगचे (मेल आपोआप दुसरीकडे पाठवणारे) नियमही तपास. चोर बरेचदा तिथेच ठाण मांडून असतो.

आणि हो, बँकेने चोराच्या खात्यात गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. बहुतेकदा कोर्टाचा आदेश लागतो, वकील आधीच गाठ.