खुब्याचा गोळा : ३२ की ३६?

प्रश्न : आईचं (वय ६८) खुबा बदलण्याचं ऑपरेशन ठरलं आहे. एक डॉक्टर ३२ मिलिमीटरचा गोळा म्हणतात, दुसरे ३६ चा. मोठा गोळा जास्त वर्षं टिकतो का?

उत्तर : नाही. मोठ्या गोळ्याचा खरा फायदा म्हणजे सांधा सहजासहजी निखळत नाही. कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीतून बाहेर पडायला गोळ्याला साधारण त्याच्या त्रिज्येइतकं सरकावं लागतं. २८ च्या गोळ्याला १४ मिलिमीटर, ३६ च्या गोळ्याला १८. झीज मात्र उलट दिशेने जाते. प्रत्येक पावलाला मोठा गोळा वाटीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर जास्त अंतर घासतो. खोलीने झीज सारखीच धरली, तरी ३६ चा गोळा २८ च्या दीडपटीहून जास्त प्लास्टिक खरवडतो. या भुकटीनेच भोवतालचं हाड विरघळू लागतं आणि वाटी सैल होते. ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ पासून पॉलिएथिलीन या प्लास्टिकच्या वाटीत २२.२२५ मिलिमीटरचा लहानसा गोळा वापरला, तो घर्षण कमी राहावं म्हणूनच.

आज क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनमुळे (रेणू एकमेकांत जोडून कणखर केलेलं प्लास्टिक) झीज खूपच घटली आहे, म्हणून ३२ आणि ३६ दोन्ही वापरात आहेत. पण वाटीचा आकार हाडावर ठरतो आणि तिथेच खरी मर्यादा येते. समजा, आईंना ५० मिलिमीटरची वाटी बसते आणि तिच्या धातूच्या कवचाची जाडी सगळीकडे ४ मिलिमीटर आहे. आत उरले ४२. त्यात ३६ चा गोळा घातला तर अस्तर ३ मिलिमीटरचं, ३२ चा घातला तर ५ चं. पातळ अस्तर कडेला तडकू शकतं, विशेषतः वाटी जास्त उभी बसली असेल तर. त्यामुळे लहान चणीच्या बाईला ३२ सुचवणं अगदी योग्य असू शकतं. याआधी निखळलेला खुबा, कमरेचे मणके जखडलेले किंवा खुब्याभोवतीचे स्नायू कमकुवत असतील, तर ३६ कडे झुकावं. वाटीचा आकार आणि अस्तराची जाडी डॉक्टरांना आकड्यांत विचारा.

धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोळा हा प्रयोग मात्र महागात पडला. कोबाल्ट-क्रोमियमचे कण मांसात साचले, रुग्णांची ऑपरेशनं पुन्हा करावी लागली आणि २०१० मध्ये अशी एक प्रणाली जगभरातून परत मागवली गेली. आता तो मार्ग सुचवू नये, असंच आम्ही म्हणू.

प्रश्न : मांडीच्या हाडात बसवतात त्या, गोळा धरणाऱ्या दांड्याचा आकार चुकला तर काय होतं?

उत्तर : सिमेंटशिवायचा दांडा लहान पडला तर तो खाली खचतो. पाय आखूड होतो, चालायला सुरुवात करताना मांडी दुखते. मोठा दांडा ठोकून बसवताना हाडाला चीर जाऊ शकते. म्हणून एक्सरेवर आधी मापं घेतात. एक्सरेत हाड मोठं दिसतं, त्यामुळे ठरावीक मापाची धातूची गोळी बाजूला ठेवून फोटो काढतात. ऑपरेशनमध्ये कानस एकेक आकाराने वाढवत नेतात आणि ती फिरवून हलत नाही तिथे थांबतात. हाड ठिसूळ असेल तर सिमेंटचा दांडा जास्त भरवशाचा.

ऑपरेशननंतर भागांचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या. पुढे फक्त अस्तर किंवा गोळा बदलायची वेळ आली, तर नेमकी कंपनी आणि माप तिथूनच कळतं.