म्युझियममधे हेडसेट आणावा का?

प्रश्न: आमच्या गावात ट्रस्टचं छोटं वस्तुसंग्रहालय आहे, दोन खोल्या, त्यात जुने दिवे, अडकित्ते, भांडी आणि गावातल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचे कपडे नि पत्रं. शाळांच्या सहली येतात पण पोरं दहा मिनिटांत बाहेर भेळेच्या गाडीवर. एक ट्रस्टी म्हणतात मिक्स्ड रिअॅलिटीचे दोन हेडसेट आणू, त्यात गेम टाकू, गर्दी होईल. होते का हो खरंच? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: होईल की, पण हेडसेटच्या लायनीत. साधा हिशोब करा, साठ पोरांची सहल, दोन हेडसेट, एकेकाला पाच मिनिटं, म्हणजे सगळ्यांचं होईस्तोवर अडीच तास, आणि त्यात घाम पुसणं, चार्जिंग, पट्टा सैल करून देणं हे धरलेलंच नाही. शिवाय ही यंत्रं लवकर जुनी होतात. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा असाच हेडसेट साडेतीन हजार डॉलरचा होता, २०२४ मधे कंपनीने तो बनवणंच बंद केलं.

तरी ट्रस्टींची आयडिया अगदीच टाकाऊ नाही. व्हीआरमधे, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटीत, डोळे पूर्ण झाकले जातात, मिक्स्ड रिअॅलिटीत समोरची खोली दिसत राहते आणि तिच्यावर चित्र चढतं, हा फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा, कारण वस्तू दिसायलाच हवी ना. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने २०१५ मधे सापळ्यांच्या जुन्या दालनासाठी अॅप काढलं, फोन सापळ्यासमोर धरला की त्याच्यावर मांस-कातडं चढतं आणि प्राणी हलायला लागतो. ना हेडसेट, ना नवीन कपाटं.

मला त्याहून आवडला तो ब्रिटिश म्युझियममधला पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक देवळाच्या शिल्पांचा खेळ. टॅबलेटवर शिल्पाची नुसती बाह्यरेषा यायची, ती कुठल्या शिल्पाची हे पोरांनी दालनात हिंडून शोधायचं. म्हणजे स्क्रीन पोराला वस्तूकडे ढकलतो, स्वतःकडे ओढत नाही. हे तर कागदावरही जमतं! मी पुण्यात एका म्युझियममधे भाचीला तिकिटाच्या मागे पक्ष्याच्या आकाराच्या अडकित्त्याची रेघ काढून दिली, तर बाईसाहेब काचेला नाक लावून "मावशी हा नाही, याची शेपटी वर आहे" करत अर्धा तास फिरल्या. एरवी तिने अडकित्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

तेव्हा आधी आठ-दहा वस्तूंच्या रेघांची कार्डं काढा, झेरॉक्सच्या खर्चात होईल, पोरं कुठे रेंगाळतात कुठे कंटाळतात ते बघा, आणि मग वाटलं तर फोनवरचा गेम. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाने २०१७ मधे असा फुकट गेम काढला, त्यातले काही भाग प्रत्यक्ष म्युझियममधे गेल्यावरच उघडतात. चांगली युक्ती आहे, पण बनवायला पैसा लागतो.

आणि ते स्वातंत्र्यसैनिकांचं कपाट यात घेऊ नका. २०१६ मधे पोकेमॉन गो या खऱ्या जागी हिंडत फोनवर प्राणी पकडायच्या गेमची लाट आली तेव्हा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमला, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मृतीच्या जागेला, लोकांना विनंती करावी लागली होती की बाबांनो, इथे नको. त्या पत्रांपाशी एक स्टूल आणि बरा दिवा ठेवा, एखादं पत्र मोठ्या अक्षरात टाइप करून शेजारी लावा, कारण मोडी किंवा घाईचं हस्ताक्षर आताच्या पोरांना वाचता येत नाही.