शामानिक ड्रम जर्नी आणि अद्वैत एकच आहे का? घरी सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या एका वीकेंड शिबिराच्या जाहिरातीत 'शामानिक प्रवास (ड्रमच्या ठेक्यावर डोळे मिटून मनातल्या मनात दुसऱ्या जगात जाणं) म्हणजेच अद्वैत' असं लिहिलंय, ते खरं का, आणि घरी कसं सुरू करायचं.

एकच नाही. एकच समजून बसलात तर दोन्ही हातचं जातं.

'शामान' हा सायबेरियातल्या एवेंकी लोकांकडून आलेला शब्द. शामानचं काम रोकठोक असतं. कुणी आजारी पडलं, शिकार मिळेना, की लोकांच्या वतीने न दिसणाऱ्या शक्तींकडे जायचं, बोलणी करायची आणि परत यायचं. आपल्याकडे वारल्यांचा किंवा ठाकरांचा भगत याच प्रकारचं काम करतो. तिथे देव, आजार, भगत वेगवेगळे असावेच लागतात, नाहीतर कोण कुणाशी बोलणार? अद्वैत मात्र या जाणाऱ्यालाच धरतं: हा प्रवास कुणाला दिसतोय?

तिबेटच्या बोन या जुन्या धर्मपरंपरेत दोन्ही आहेत (तिचा मेनरी मठ आज हिमाचलात दोलांजीला आहे). तिथे ९ पायऱ्या मानतात. कौल लावणं, बाधा काढणं हे खालच्या पायऱ्यांवर आणि अद्वयाचा झोगचेन (दोनपणा नाही याची थेट ओळख करून देणारी साधना) नवव्या पायरीवर. खालचं टाकून दिलेलं नाही, पण वरच्यात कालवलेलंही नाही. मला हीच मांडणी सगळ्यात प्रामाणिक वाटते.

आता घरचं. शिबिरांत शिकवतात ती पद्धत बहुतेक वेळा मायकल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने अनेक जमातींचं पाहून बसवलेली असते. ती एका कुठल्या जमातीची परंपरा नव्हे, एवढं लक्षात ठेवून करा. सतरंजीवर पाठीवर आडवं व्हायचं, डोळ्यांवर रुमाल. ड्रम एकसुरी, मिनिटाला साधारण २०५ ते २२० ठोके, म्हणजे सेकंदाला साडेतीन. सुरुवातीला १० ते १५ मिनिटं पुरे. आधी एकच प्रश्न ठरवा. परतीची खूण म्हणजे ७ ठोक्यांचे ४ गट, मग मिनिटभर जलद वादन, पुन्हा ७ चे ४ गट. ही खूण आली की मनातला प्रसंग अर्धा असला तरी आलेल्या वाटेनेच परत फिरायचं. परतीची खूण गाळली तर माणूस काही वेळ भंजाळल्यासारखा राहू शकतो.

चामड्याचा ड्रम घेतलात तर पुण्याच्या जुलैत तो सैल पडून भदभद वाजेल. आपले हलगीवाले वाजवण्याआधी हलगी शेकतात ना, तसंच करा: जाळापासून हातभर लांब धरून फिरवत राहा, टणक आवाज आला की थांबा. सायबेरियातही शामानचा ड्रम असाच विस्तवावर शेकतात.

उठल्यावर दिसलेलं चार ओळींत लिहून काढा. मग १० मिनिटं ताठ बसून दृग्-दृश्य विवेक, म्हणजे पाहणारा आणि दिसणारं वेगळं ओळखायचा वेदान्ती विचार. रूप दिसतं, डोळा पाहतो. डोळ्याचं अधूपण मनाला कळतं. मनाची चलबिचल साक्षीला कळते. साक्षी मात्र कशालाच दिसत नाही. आत्ता दिसलेला गरुड, नदी, आजोबा, सगळं 'दृश्य' या खात्यात टाका. इथेच बहुतेक जण घसरतात: दृश्य जितकं भारी तितकी प्रगती मोठी, असं वाटू लागतं. दुसरी घसरण याच्या उलट. 'सगळं मिथ्या' म्हणून घरातलं भांडण किंवा जुनं दुःख झाकून टाकायचं. ते मिटत नाही, आत साचतं.

फिट्सचा त्रास असेल किंवा कधी भास होण्याचा आजार झाला असेल, तर हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. आणि शिबिरात कुणी आयाहुआस्का (दक्षिण अमेरिकेतलं भास घडवणारं पेय) पुढे केलं तर सरळ उठून या. त्यातलं डीएमटी हे भास घडवणारं रसायन भारतात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. शिवाय त्यातली वेल शरीरातलं एक एन्झाइम बंद पाडते, म्हणूनच डीएमटी तोंडाने घेऊनही चढतं. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर सेरोटोनिन बेसुमार वाढून जीवावर बेतू शकतं.

अद्वैताच्या बाजूने पुणेकराला लांब जायला नकोच, आळंदी इथेच आहे. 'अमृतानुभव' जड वाटला तर 'चांगदेव पासष्टी'पासून सुरू करा. ६५ ओव्या, रोज ५ घेतल्या तर १३ दिवस. त्यात आरशाचा दृष्टांत येतो: आरसा पुढे असो-नसो, तोंड आहेच. ड्रम बंद झाल्यावरच्या शांततेत ती ओवी मोठ्याने म्हणून पाहा.